८×४२ दुर्बीण, हिवाळ्यातल्या बर्डिंगसाठी एकदम बेस्ट

हिवाळ्यात हिल स्टेशनला बर्डिंगला जाणार असाल तर १०×४२ च्या मागे न लागता ८×४२ च घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये). थंडीत हात कापतात आणि १० पटीत इमेज जास्तच हलते, शिवाय पहाटे उजेड कमी असतो तेव्हा ८×४२ चा एक्झिट प्युपिल (डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी) ५.२५ मिमी, १०×४२ चा फक्त ४.२, त्यामुळे झुडपात लपलेल्या सायबेरियन रुबीथ्रोट या छोट्या पक्ष्याचा लाल गळासुद्धा काय सुंदर दिसतो! नायट्रोजन भरलेली असेल तर आतून वाफ धरत नाही, पण बाहेरून आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) श्वासाची वाफ बसतेच, कापड जवळ ठेवा. चष्मेवाल्यांनी आय रिलीफ (आयपीसपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) १५ मिमीच्या वर आहे का बघा. फोटोला टेलिफोटो लेन्स वेगळी लागणारच, पण आधी पक्षी सापडायला तर पाहिजे ना.