खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला कुठे ठेवायचं? पुण्यातली दोन रिहॅब सेंटरं, जवळून पाहिलेली

खुब्यात रॉड बसवला की हॉस्पिटल काही दिवसांतच डिस्चार्जचं बोलू लागतं. घरी मात्र जिने असतात, बाथरूम अरुंद असतं आणि दिवसभर नोकरीवर जाणारी माणसं असतात. मग रिहॅब सेंटरांना फोन सुरू होतात. ब्युरोची बाई ठेवून घरीच सांभाळणं ज्यांना जमतं, त्यांनी तेच करावं. इथे तो विषय घेत नाही. मी ज्या दोन ठिकाणांबद्दल लिहितोय, तिथे माझी आई राहिली. लहान ठिकाणी खाट रिकामी नव्हती म्हणून आधी मोठ्या ठिकाणी, आणि खाट मिळाल्यावर लहान ठिकाणी. नावं देत नाही. दोन्ही तऱ्हेची सेंटरं तुमच्या शहरातही सापडतील.

मोठं सेंटर म्हणजे जवळजवळ हॉस्पिटलच. चोवीस तास डॉक्टर, प्रत्येक खाटेपाशी ऑक्सिजनची लाइन, फिजिओचा प्रशस्त हॉल, दारात अॅम्ब्युलन्स. लहान सेंटर एका जुन्या बंगल्यात आहे. डॉक्टर दिवसातून एकदा येतात, एरवी फोनवर. फिजिओ सकाळ-संध्याकाळ खाटेपाशी येऊन व्यायाम करून घेतो. जेवण दोन्हीकडे मऊ, अळणी आणि वेळेवर. खर्च मोठ्या ठिकाणी बराच जास्त. कागदावर पाहिलं तर मोठंच सरस, हे मान्य आहे.

माझं मत फिरलं ते डायपरवरून.

मोठ्या ठिकाणी आईला पहिल्या रात्रीपासून डायपर लावला. तिला लघवीची जाणीव होती, ताबा होता, आणि सर्जननी वॉकर घेऊन पायावर भार द्यायला परवानगी दिलेली होती. तरी बेल दाबली की अटेंडंट यायची आणि सांगायची, "आजी, डायपर आहे ना, त्यातच करा. सकाळी बदलते." खाटेचे कठडे दोन्ही बाजूंनी वर. मी इनचार्ज सिस्टरांशी बोललो. त्या सौजन्याने म्हणाल्या, "रात्री एका अटेंडंटकडे बरेच पेशंट असतात. पडल्या तर जबाबदारी आमच्यावर येते." त्यांची भीती खोटी नव्हती, ऑपरेशननंतर पुन्हा पडणं किती महाग पडतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण आईने यावर स्वतःपुरता उपाय काढला: दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं. ओठ सुकलेले, संध्याकाळी बोलण्यात थोडा गोंधळ. म्हाताऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की असा गोंधळ होतो आणि लघवीचा संसर्गही लवकर होतो. ओला डायपर रात्रभर अंगाला राहिला तर माकडहाडापाशी त्वचा लाल व्हायला लागते. बेडसोरची सुरुवात तिथूनच होते.

लहान ठिकाणी रात्रीच्या मावशी कमोडची खुर्ची खाटेला लावून ठेवतात. आईने हाक मारली की आधी तिला काठावर पाय सोडून बसवतात. "चक्कर येतेय का? नाही ना? मग आता वॉकर धरा." पडून एकदम उठलं की बीपी खाली जातं, म्हणून ही मिनिटभराची बैठक. कमरेला रुंद पट्टा बांधलेला. मावशींचा एक हात मागून त्या पट्ट्यावर, दुसरा आईच्या खांद्यापाशी. उठणं, चार पावलं, बसणं, परत उठणं. दिवसरात्र मिळून हे किती वेळा होतं ते तुम्हीच मोजा. फिजिओचा व्यायाम तासाभराचा; मांडीत खरं बळ आलं ते या फेऱ्यांनी, असं मला वाटतं. आठवड्याभरात आई दिवसा बाथरूमपर्यंत चालत जाऊ लागली आणि पाण्याचा तांब्या परत खाटेजवळ आला. मोजमाप माझ्याकडे नाही, पण फरक घरातल्या सगळ्यांना दिसला.

हे सगळ्यांना लागू होईल असं मी म्हणणार नाही. अर्धांगवायूनंतर गिळता येत नसेल, नाकात नळी किंवा गळ्यात ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी पाडलेलं छिद्र) असेल, सक्शन म्हणजे मशीनने कफ ओढून काढणं लागत असेल, तर बिनदिक्कत मोठ्या ठिकाणी जा. तिथे रात्री जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली सिस्टर असते, लहान ठिकाणी असेलच असं नाही. प्रवेश घेण्याआधी ते विचारून घ्या. मेडिक्लेममधून राहण्याचा खर्च सहसा मिळत नाही. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरचा ६० किंवा ९० दिवसांचा औषधोपचार धरतात. त्यात फिजिओ बसतो का हे टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) विचारा आणि सर्जनकडून तसं लेखी घ्या.

सेंटर बघायला सकाळी जाऊ नका. सकाळी सगळीच चकचकीत असतात. रात्री नऊनंतर, पाळी बदलल्यावर जा आणि एवढंच विचारा: "रात्री दोनला लघवीला लागली तर कोण येतं आणि कसं नेतं?" ऑफिसातल्या माणसाला विचारण्यापेक्षा पाळीवरच्या मावशींना विचारा.

रुग्ण शुद्धीत असेल, ताबा असेल, पायावर भार द्यायची परवानगी असेल, तर मी आधी लहान ठिकाणीच फोन करेन. खाटा मोजक्याच असतात, म्हणून ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी नाव नोंदवून ठेवा.