डंकन की गार्नेट? एकाच खेळाडूची कारकीर्द मन लावून पाहायची असेल तर

बास्केटबॉलची गोडी नुकतीच लागली असेल, तर दहा खेळाडूंच्या दोन-दोन मिनिटांच्या क्लिप बघण्यापेक्षा एकाच खेळाडूची कारकीर्द पहिल्या हंगामापासून निवृत्तीपर्यंत बघावी, असं माझं ठाम मत आहे. क्लिपमध्ये चेंडू रिंगमधून जाताना दिसतो. तो तिथवर कसा पोहोचला, बाकीचे चौघं कुठे उभे होते, हे काही दिसत नाही. आणि उंच खेळाडूचं निम्मं काम तर चेंडू हातात नसतानाच चालतं.

मग कोणाची कारकीर्द निवडायची? जॉर्डन, कोबी, लेब्रॉन ही नावं कोणीही सुचवेल. मी टिम डंकन आणि केविन गार्नेट यांच्यापैकी एकाला निवडा म्हणतो, कारण इतकी समोरासमोर ठेवता येण्यासारखी जोडी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये क्वचितच सापडते. दोघांचा जन्म 1976चा. डंकन 25 एप्रिलचा, गार्नेट 19 मेचा. दोघांची नोंदलेली उंची सहा फूट अकरा इंच. दोघंही पॉवर फॉरवर्ड, म्हणजे रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू, दोघंही वर्षानुवर्षं 21 नंबरची जर्सी घालून खेळले, दोघांचीही 15 वेळा ऑल-स्टार म्हणून, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या खास सामन्यासाठी, निवड झाली. 2016 मध्ये दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने दोघं निवृत्त झाले आणि 2020च्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या, यादीत कोबी ब्रायंटच्या जोडीने दोघांचंही नाव आलं. डंकनचे 26,496 गुण, गार्नेटचे 26,071. रिबाउंड, म्हणजे फटका हुकल्यावर पकडलेले चेंडू, 15,091 आणि 14,662.

एवढं सगळं सारखं, आणि तरी विजेतेपदं मात्र डंकनकडे पाच आणि गार्नेटकडे एक. पाच विरुद्ध एक म्हणजे डंकनच श्रेष्ठ, असं म्हणून बरेच जण विषय संपवतात. मला ते पटत नाही. हा फरक कशाने पडला, हे कळण्यासाठीच या दोघांची कारकीर्द बघायची.

डंकनचा रस्ता

डंकन अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट क्रॉय बेटावरचा. लहानपणी तो जलतरणपटू होता. त्याची बहीण ट्रिशिया 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहली होती. 1989च्या सप्टेंबरमध्ये ह्यूगो चक्रीवादळ आलं आणि बेटावरचा एकमेव ऑलिंपिक आकाराचा तलाव उद्ध्वस्त झाला. समुद्रात सराव करायचा तर शार्कची भीती. पुढच्या एप्रिलमध्ये, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कर्करोगाने गेली. बास्केटबॉल त्याने मनावर घेतलं ते त्यानंतर, नववीत. पदवी पूर्ण करीन हा आईला दिलेला शब्द मात्र त्याने पाळला. एनबीएचे संघ डोळे लावून बसलेले असताना तो वेक फॉरेस्ट विद्यापीठात पूर्ण चार वर्षं राहिला, मानसशास्त्रात पदवी घेतली आणि मगच 1997च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, उतरला.

पुढे आली दैवाची साथ. सॅन अँटोनियो स्पर्स हा खरं तर चांगला संघ, पण त्या वर्षी त्यांचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन दुखापतींमुळे जेमतेम सहा सामने खेळला आणि संघाने 82 पैकी फक्त 20 सामने जिंकले. ड्राफ्टमध्ये पहिली निवड कोणाची, हे मागे पडलेल्या संघांमधली सोडत ठरवते; त्या सोडतीत पहिला क्रमांक मिळण्याची सगळ्यात जास्त शक्यता बोस्टन सेल्टिक्सची होती. चिठ्ठी निघाली स्पर्सची. म्हणजे एकवीस वर्षांच्या डंकनला पहिल्याच दिवशी शेजारी रॉबिन्सनसारखा दिग्गज मिळाला आणि कोच म्हणून ग्रेग पॉपोविच. पॉपोविच ड्राफ्टआधी त्याला भेटायला थेट सेंट क्रॉयला गेले होते, दोघं समुद्रात पोहले होते. त्यानंतर 19 हंगाम, एकच संघ, एकच कोच. पुढे टोनी पार्कर आणि मनू जिनोबिली आले. पार्करची ड्राफ्टमधली निवड 28वी, जिनोबिलीची 57वी. इतरांनी सोडून दिलेली माणसं स्पर्सने हेरली आणि घडवली. 1999, 2003, 2005, 2007 आणि 2014 अशी पाच विजेतेपदं आली. डंकन असेपर्यंत स्पर्सचं प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, एकदाही चुकलं नाही.

गार्नेटचा रस्ता

गार्नेट साउथ कॅरोलिनाचा. शाळेचं शेवटचं वर्ष त्याने शिकागोच्या फॅरागट अकॅडमीत काढलं आणि 1995 मध्ये कॉलेजला न जाता थेट एनबीएच्या ड्राफ्टमध्ये उतरला. वीस वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. वय एकोणीस, आणि संघ असा की तोवर एकदाही प्लेऑफला पोहोचला नव्हता. त्याच्या दुसऱ्या हंगामात संघ पोहोचला, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

1997 मध्ये मिनेसोटाने त्याच्याशी सहा वर्षांचा 12 कोटी 60 लाख डॉलरचा करार केला. लीगमधले सगळेच मालक या आकड्याने हादरले. मालक आणि खेळाडू यांच्यातल्या पुढच्या वर्षीच्या संघर्षाला जी कारणं होती, त्यात हा करार अग्रभागी होता. त्या संघर्षात मालकांनी केलेल्या टाळेबंदीमुळे 1998-99चा हंगाम 50 सामन्यांचा झाला. पैसा गार्नेटच्या हक्काचाच होता, असं मला वाटतं. पण एका माणसावर एवढी रक्कम गेल्यावर त्याच्याभोवती चांगली माणसं जमवायची तर व्यवस्थापन फार हुशार हवं. तिथे मिनेसोटा कमी पडलं. तरुण साथीदार स्टेफन मार्बरी 1999 मध्येच संघ सोडून गेला. 2000 मध्ये जो स्मिथ या खेळाडूशी चोरून केलेला करार उघडकीस आला. लीगने दंड ठोठावलाच, वर पहिल्या फेरीतल्या ड्राफ्ट निवडीही काढून घेतल्या. नवे खेळाडू आणायची वाटच बंद झाली. त्याच वर्षी मे महिन्यात गार्नेटचा जिवलग मित्र आणि सहकारी मलिक सीली, गार्नेटच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमातून घरी परतताना, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने दिलेल्या धडकेत गेला. अनेक वर्षांनी ब्रुकलिन नेट्स संघात गेल्यावर गार्नेटने 2 नंबरची जर्सी घेतली, ती सीलीच्या आठवणीत.

1997 ते 2003, सलग सात वर्षं मिनेसोटा पहिल्याच फेरीत बाहेर पडलं. त्यातल्या दोन वेळा, 1999 आणि 2001 मध्ये, हरवणारा संघ डंकनचा स्पर्स होता. ही सात वर्षं बघायला जड जातात. गार्नेट प्रत्येक रात्री गुण, रिबाउंड, पास, बचाव सगळं करतो आणि एप्रिल संपता संपता घरी जातो. 2003-04 मध्ये सॅम कसेल आणि लॅट्रेल स्प्रीवेल आले, तेव्हा पहिल्यांदा त्याला धड साथ मिळाली. सरासरी 24.2 गुण आणि 13.9 रिबाउंड, एमव्हीपीचा, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, आणि संघ पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत, म्हणजे एनबीएच्या अंतिम मालिकेच्या एक पायरी अलीकडे. तिथे कसेल जायबंदी झाला आणि लॉस एंजेलिस लेकर्सने 4-2 ने हरवलं. पुढची तीन वर्षं प्लेऑफही नाही.

जुलै 2007 मध्ये बोस्टनने पाच खेळाडू आणि ड्राफ्टच्या दोन निवडी देऊन त्याला घेतलं. दहा वर्षांपूर्वी सोडतीत डंकनला मुकलेलं तेच बोस्टन. आदल्या हंगामात 24 सामने जिंकलेला हा संघ गार्नेट, रे ॲलन आणि पॉल पिअर्स एकत्र आल्यावर 66 जिंकला आणि विजेता झाला. गार्नेट त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. माणूस तोच होता. भोवतालची माणसं बदलली, एवढंच.

मैदानावर काय बघायचं

डंकनचं शिक्षण त्याच्या पायांत आहे. डाव्या बाजूला, रिंगमागच्या बोर्डाशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन होईल अशा जागी तो चेंडू घेतो, रिंगकडे तोंड करतो, एक पाऊल पुढे टाकून बचावपटूचा अंदाज घेतो आणि बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला चेंडू लावून आत सोडतो. सगळ्यांना ठाऊक असलेला फटका, आणि तरी अडवता येत नाही. त्याची उडी फार उंच नव्हतीच. ब्लॉक करताना, म्हणजे समोरच्याचा फटका हवेत अडवतानाही, चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्यापेक्षा हलकेच थोपवून आपल्याच संघाच्या हाती पाडायचा. त्या काळचा दिग्गज खेळाडू शॅकिल ओनीलने त्याला 'बिग फंडामेंटल' (मूलभूत कौशल्यांत पक्का) म्हटलं ते यासाठीच. खेळणाऱ्या मुलामुलीला यातलं जवळजवळ सगळं सरावाने करता येतं. सहा फूट अकरा इंच उंची नसली तरी.

गार्नेटचं शिक्षण त्याच्या तोंडात आणि हातांत आहे, आणि ते टीव्हीवर पटकन कळत नाही. त्याचा बचाव बघताना चेंडूवरची नजर काढा आणि फक्त त्याच्याकडे बघा. प्रतिस्पर्धी गार्ड, म्हणजे चेंडू हाताळणारा खेळाडू, सहकाऱ्याचा आडोसा घेऊन वळतो, तोच गार्नेट पुढे झेप घेऊन त्याची वाट अडवतो, त्याला बाजूला रेटतो आणि पुढच्या क्षणी पळत आपल्या माणसाकडे परत येतो. हे चालू असताना मागच्या चौघांना ओरडून सांगत असतो: डावीकडून आडोसा येतोय, सरक, थांब. 2008च्या बोस्टनचा बचाव या आवाजावर उभा होता. आणखी एक सवय बघण्यासारखी: शिट्टी वाजून खेळ थांबल्यावर समोरच्याने सहज म्हणून चेंडू रिंगकडे टाकला, तर गार्नेट उडी मारून तोही बाहेर काढायचा. समोरच्याला चेंडू आत जाताना बघण्याचं समाधानसुद्धा द्यायचं नाही.

पासच्या बाबतीत गार्नेट सरस आहे. कारकिर्दीत त्याने डंकनपेक्षा बाराशेहून अधिक असिस्ट (ज्यावर लगेच गुण झाला असे पास) जास्त दिले. रिंगजवळ पाठ लावून खेळणं आणि ब्लॉक यांत डंकन वरचढ. बाकीच्या तुलनेत माझ्या मते फारसा अर्थ नाही.

स्वभावाचं मात्र सांगायला हवं. डंकन पंचांच्या निर्णयावर डोळे विस्फारतो, यापलीकडे चेहरा हलवत नाही. गार्नेट सामन्याआधी बास्केटच्या खांबावरच्या गादीवर डोकं आपटतो, समोरच्याला शिव्या घालतो आणि कधीकधी त्याचं बोलणं मर्यादेपलीकडे गेलेलं आहे. लहान मुलांसोबत बघत असाल, तर हा विचार करून निवडा.

मग कोण?

स्वतः खेळत असाल, किंवा घरातलं मूल क्लबमध्ये रिंगजवळच्या जागेवर खेळत असेल, तर डंकन. त्यात दुमत नाही. 2003च्या अंतिम मालिकेतला न्यू जर्सी नेट्सविरुद्धचा सहावा सामना पूर्ण बघा: 21 गुण, 20 रिबाउंड, 10 असिस्ट, 8 ब्लॉक. आकडे बाजूला ठेवून फक्त त्याचे पाय बघितले तरी पुष्कळ मिळेल. मग 2013च्या अंतिम मालिकेतला मायामी हीटविरुद्धचा सातवा सामना, जिथे शेवटच्या मिनिटात अगदी रिंगजवळून त्याचा फटका हुकला आणि मायामी जिंकलं. आणि लगेच 2014ची अंतिम मालिका, जिथे अडतीस वर्षांचा डंकन त्याच मायामीला 4-1 ने हरवतो.

खेळत नसाल, फक्त बघणारे असाल आणि वेळ एकाच कारकिर्दीपुरता असेल, तर माझी निवड गार्नेट. डंकनच्या कारकिर्दीत जवळजवळ सगळं जुळून आलेलं आहे, त्यामुळे काय काय जुळावं लागतं हे त्यात दिसत नाही. गार्नेटच्या कारकिर्दीत ते उघडं पडतं: करार, ड्राफ्ट, दुखापती, साथीदार, आणि या सगळ्यात एक माणूस किती ओढून नेऊ शकतो आणि कुठे थकतो. मिनेसोटाची वर्षं न गाळता बघा, कंटाळा आला तरी. ती वगळून थेट 2008 गाठलंत, तर त्या विजयाचं वजन कळणार नाही.

सुरुवात करायला 19 मे 2004चा सॅक्रॅमेंटो किंग्जविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतला सातवा सामना चांगला. त्या दिवशी गार्नेटचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. 32 गुण, 21 रिबाउंड, आणि मिनेसोटा पहिल्यांदाच पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत. तिथून मागे 1999च्या स्पर्सविरुद्धच्या मालिकेकडे जा, म्हणजे दोघंही एकाच मैदानावर सापडतील, आणि मग पुढे 2008च्या अंतिम मालिकेचा सहावा सामना. बोस्टन 131, लेकर्स 92. सामना संपल्यावर टीव्ही लगेच बंद करू नका. मैदानावरच्या मुलाखतीत गार्नेट काही क्षण बोलूच शकत नाही, आणि मग जे ओरडतो ते ऐकायचंय.