बेडसाइड क्रिब घेऊन बाळासोबत फिरताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

बाळासाठी पलंगाला लावायचा घडीचा क्रिब घ्यायचा विचार असेल तर आधी घरात मेजरिंग टेप शोधा आणि ज्या ज्या घरी बाळाला घेऊन राहायला जाणार आहात तिथले पलंग मोजून घ्या, क्रिबचे फोटो आणि रंग नंतर बघा. आमची लेक आता बसायला लागलीये म्हणून क्रिब बंद केलाय, पण त्याआधी तो पुण्यात आमच्याकडे, चिपळूणला माझ्या माहेरी, बार्शीला सासरी आणि मधेमधे हॉटेलात असा सगळीकडे वापरून झालाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितेय. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, मॉडेल सारखी बदलत असतात आणि काय तपासायचं ते कळलं की कुठल्याही कंपनीचा क्रिब दुकानात उभ्या उभ्या पारखता येतो.

घेतला कशासाठी ते आधी सांगते. माझं सिझेरियन झालं होतं, टाके ओले असताना रात्री सारखं सारखं उठून पाळण्यापर्यंत जायचं आणि वाकून बाळ उचलायचं म्हणजे जीव जायचा. दुसरीकडे पिल्लूला आमच्या दोघांच्या मधे झोपवायला मला भीती वाटायची, नवऱ्याची झोप गाढ आहे आणि हिवाळ्यात आमच्याकडे जाड रजई असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेल्या सूचना काढल्यात, त्यात किमान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपवा असं आहे. पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, आजूबाजूला उशी-पांघरूण काही नाही. आता आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आईच्या कुशीत बाळं झोपलीत आणि मी कुणाला नावं ठेवत नाहीये, फक्त मला स्वतःला असं काहीतरी हवं होतं की हात लांबवला की बाळ हाताशी आलं पाहिजे आणि तरी तिची जागा तिची पाहिजे. बेडसाइड क्रिब नेमका तेच करतो, तीन बाजू उंच, चौथी बाजू खाली करून पलंगाला लावायची.

आता पलंगांचं. या क्रिबचे पाय बहुतेक वेळा आडवे पुढे आलेले असतात आणि ते पलंगाखाली सरकवायचे असतात, तरच क्रिब गादीला चिकटतो. आणि आपल्याकडे फ्लॅटमध्ये अर्ध्या घरांत हायड्रॉलिकचा बॉक्स बेड, खालून पूर्ण बंद, जमिनीपर्यंत प्लायवूड. पाय आत जाणारच नाहीत, आणि पाय बाहेर राहिले की क्रिब आणि गादीमधे चांगली हाताची ओंजळ जाईल एवढी फट. काही मॉडेलमध्ये पलंगाकडचे पाय आत दुमडता येतात, आम्ही तसला घेतला, आणि तो घ्यायचं कारण एवढंच की ऑर्डर करायच्या आधी नवऱ्याने घरच्या बेडखाली हात घालून बघितला आणि मग दोन्हीकडे फोन करून तिथलेही पलंग मोजून घेतले. बार्शीला सासूबाईंनी शिवणकामाच्या टेपने जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत मोजून सांगितलं, चिपळूणला भावाने. तिन्ही घरची मापं वेगळी निघाली. चिपळूणचा दिवाण सगळ्यात बुटका, आमचा बेड सगळ्यात उंच. क्रिबची उंची किती टप्प्यांत कमीजास्त होते आणि सगळ्यात खालचा टप्पा किती आहे हे बॉक्सवर दिलेलं असतं, तो आकडा तुमच्या सगळ्यात बुटक्या पलंगाशी जुळतो का बघा.

उंची जुळवताना खाली केलेल्या बाजूची वरची कड आपल्या गादीच्या पातळीला आली पाहिजे, म्हणजे बाळाची गादी आपल्या गादीपेक्षा थोडी खोल राहते. ही चौथी बाजू पूर्ण सपाट पडणारी असेल तर तो क्रिब घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपातल्या २०१९ च्या मानकात, ईएन ११३० म्हणतात त्याला, पलंगाकडच्या बाजूलासुद्धा किमान १२० मिलिमीटरची कड कायम राहिली पाहिजे असा नियम आहे. साधारण अर्धी वीत. ती कड नसेल तर आपली चादर नाहीतर रजई सरकत बाळावर जाते आणि बाळ कुशीवर वळायला लागलं की सरळ मोठ्या गादीवर येतं. काही विक्रेत्यांच्या फोटोत बाळ आणि आई एकाच सलग गादीवर झोपल्यासारखं दाखवतात, छान दिसतं, पण मला ते नको होतं.

बार्शीची गंमत वेगळी. तिथे जुनी लोखंडी कॉट आणि त्यावर कापसाची गादी. कॉटची लोखंडी पट्टी गादीच्या बाहेर दोन बोटं येते, त्यामुळे क्रिब कॉटला अगदी घट्ट लावला तरी गादी आणि क्रिबमधे तेवढी घळ राहतेच. सासूबाई म्हणाल्या, ‘त्यात एक लुगडं घडी करून घाल की.’ पण ते करायचं नसतं, कपडा सरकतो, दबतो, आणि बाळाचं तोंड तिथे गेलं तर तेच कापड नाकाशी येतं. त्यापेक्षा अख्खी गादी क्रिबच्या बाजूला ढकलायची आणि फट भिंतीच्या बाजूला जाऊ द्यायची. मग पट्टे. प्रत्येक क्रिबसोबत दोन पट्टे येतात, ते कॉटच्या चौकटीला नाहीतर गादीखालून पलीकडच्या बाजूपर्यंत नेऊन आवळायचे. आणि आवळून झाल्यावर क्रिबकडच्या कडेवर स्वतः बसून बघायचं, कारण फोमची गादी कडेला दबते आणि उभं राहून बघताना नसलेली फट बसल्यावर दिसते. मी रोज रात्री झोपायच्या आधी फटीत बोटं घालून बघायचे, सवयच लागली.

आणि जिथे काहीच जमत नाही तिथे हट्ट करायचा नाही. एका हॉटेलात पलंगाला चारी बाजूंनी लाकडी चौथरा होता, आमच्या चपला ठेवता येतील एवढा रुंद. तिथे क्रिब लागणं शक्यच नव्हतं. सरळ चौथी बाजू वर केली, चेन लावली, आणि क्रिब पलंगापासून हातभर लांब ठेवला. रात्री उठावं लागलं, चालतं. क्रिब एक तर पूर्ण चिकटलेला आणि बांधलेला, नाहीतर चारी बाजू बंद आणि सुटा, यामधला तिसरा प्रकार करायचा नाही. अर्धवट चिकटलेला क्रिब हा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो कारण बघणाऱ्याला तो लावलेलाच वाटतो.

त्याच हॉटेलने आधी त्यांचा लाकडी बेबी कॉट दिला होता, त्यात मऊ लुसलुशीत गादी, हात ठेवला की खड्डा, आणि कडेने गुबगुबीत बंपर, म्हणजे आतल्या बाजूंना लावायच्या भरलेल्या पट्ट्या, बांधलेले. आम्ही नम्रपणे परत पाठवला. असे भरलेले बंपर अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने विकायलाच बंदी केलीये, आणि त्याच कायद्याने १० अंशांपेक्षा जास्त तिरके बेबी स्लीपर, म्हणजे बाळाला झोपवायचे उतरते पाळणे, तेसुद्धा बंद केले. २०१९ मध्ये तिकडे अशा तिरक्या स्लीपरचे सुमारे ४७ लाख नग परत मागवले होते, कारण तान्ह्या बाळाची मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. आमच्या क्रिबमध्येही एका बाजूचे पाय उंच करून तिरका करायची सोय होती, दूध वर येत असेल तर वापरा म्हणून. आमच्या डॉक्टरांनी नको सांगितलं, आम्ही कधीच वापरली नाही.

गादीबद्दल घरोघरी बोलणं झालंच. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दाबून बघितली आणि म्हणाल्या, ‘अगं, एवढ्या कडक गादीवर लेकराला झोप लागंल का?’ आणि आतून एक मऊ गोधडी आणली, त्यांनीच शिवलेली, माझ्या नवऱ्याच्या लहानपणच्या कपड्यांचे तुकडे त्यात. शिवाय डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. इतक्या प्रेमाने केलेली वस्तू नको म्हणणं खूप जड जातं. मी गोधडी ठेवली, दिवसा जमिनीवर अंथरून पिल्लू जागी असताना आम्ही सगळे समोर बसून तिला त्यावर पालथी घालायचो, मालिशनंतर लोळवायचो, सासूबाईंनाही बरं वाटलं. झोपताना मात्र क्रिबमध्ये फक्त कंपनीची गादी आणि घट्ट बसणारी चादर. टोपरं आणि कुंची पण झोपताना काढायची, घरात डोकं झाकलं की बाळाची उष्णता बाहेर जात नाही, आणि गळ्यात काळा दोरा असेल तर रात्री तो काढून ठेवायचा. ड्राय शीट टाकायची असेल तर चादरीच्या खाली टाका, वर टाकली की गोळा होते. गादी पातळ वाटते म्हणून वरून दुसरी गादी अजिबात टाकू नका, बाजूंची उंची तेवढी कमी होते आणि कडेला पोकळी तयार होते.

बार्शीच्या उन्हाळ्यात जाळीच्या बाजूंनी फार साथ दिली, दोन बाजूंना जाळी असलेलाच घ्या, कूलर सरळ अंगावर न लावताही हवा खेळायची आणि मला पडल्या पडल्या तिचा चेहरा दिसायचा. चिपळूणचा पावसाळा मात्र क्रिबला झेपला नाही. तिथल्या दमट हवेत गादीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके धरायला लागले, आईच्याच लक्षात आलं, म्हणाली, ‘गादी उभी करून ठेवत जा गो रोज सकाळी.’ तेव्हापासून सकाळी गादी काढून पंख्याखाली उभी करायची, खालच्या फळीवरून कोरडं फडकं फिरवायचं. कोकणात न्यायचा असेल तर कव्हर पूर्ण निघणारं आणि धुता येणारं आहे का हे नक्की बघा. उंचावर असल्यामुळे मुंग्या, किडे यांची काळजी कमी झाली, आणि मच्छरदाणी क्रिबच्याच मापाची, ताणून बसणारी लावा, वरून लोंबणारी नको, बाळाच्या हाताला येते.

नेण्याआणण्याचं म्हणाल तर बॅगेसकट नऊ किलोच्या आसपास वजन आहे, त्यामुळे ‘पोर्टेबल’ म्हणजे कारने पोर्टेबल. उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाटाने जाताना डिकी जवळपास यानेच भरायची, बाकीचं सामान पायाशी. उघडून लावायला सवय झाल्यावर फार वेळ लागत नाही, पण प्रत्येक नळी खटका बसेपर्यंत ओढून बघायची, नुसती आत गेलेली पुरत नाही. चारी कोपऱ्यांवर तळहाताने जोर देऊन बघा. शहाबादी फरशी असलेल्या घरात एखादा पाय हमखास डगडगतो, अशा वेळी पायाखाली पुठ्ठा घालण्यापेक्षा जागा बदला. चाकं असलेला असेल तर रात्री लॉक. झुलवायची सोय असेल तर झोप लागल्यावर तीही लॉक. रेल्वेत याचा काहीच उपयोग नाही, २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला बेबी बर्थ प्रयोग म्हणून लावला होता, पण आपल्याला बाळासोबत एकाने जागं राहूनच रात्र काढावी लागते. आणि कार सीटमध्ये बाळ झोपलं म्हणून घरी पोचल्यावर त्यातच झोपू देऊ नका, ती सीट गाडीपुरती, पोचलं की आधी क्रिब उभा करा, बॅगा नंतर उतरवा.

तक्रारी आहेत. बॅगेचा बंद पहिल्या काही महिन्यांतच उसवला. चौथ्या बाजूची चेन मधेच अडकायला लागली, कस्टमर केअरला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, उत्तर आलं ते नवीन मॉडेल घ्या असं, सुटी चेन काही मिळाली नाही. शेवटी इथल्या बॅगवाल्याकडून तशीच जाड चेन बसवून घेतली, ती अजून पक्की आहे. दहा हजाराच्या आतबाहेर पैसे मोजून आणि इतका कमी काळ वापरून सुटे भाग मिळत नसतील तर हे बरोबर नाही, घेण्याआधी पट्टे आणि गादी वेगळी मिळते का हे कंपनीला विचारून घ्या.

कमी काळ यासाठी म्हणते की बाळाच्या वजनाची नऊ किलोची मर्यादा लिहिलेली असली तरी वजनाच्या कितीतरी आधी वापर संपतो. बाळ हातापायावर उठायला लागलं, धरून वर यायचा प्रयत्न करायला लागलं किंवा बसायला लागलं की त्याच दिवशी बंद, बाजू कमी उंचीच्या असतात. आमची पाचव्या महिन्यानंतर भराभर वळायला लागली, तेव्हा आम्ही चौथी बाजू कायम वरच ठेवायला सुरुवात केली आणि दुपट्यात गुंडाळणं तर पहिल्यांदा कुशीवर झाली तेव्हाच थांबवलं होतं. आता खोल तळाचा प्लेयार्ड, म्हणजे उंच बाजूंचा मोठा पाळणा आहे, तो जड आहे पण तिला त्यातून वर येता येत नाही.

वापरलेला घ्यायला हरकत नाही, आमचा आता चुलत नणंदेकडे चाललाय. फक्त दोन्ही पट्टे, मूळची गादी आणि माहितीपत्रक हे तिन्ही सोबत असेल तरच घ्या. पट्टे हरवलेला क्रिब कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या, साड्या-ओढण्यांनी बांधून तो पलंगाला धरत नाही.