विंडोज ७ ची व्हीएम बूट होईना : केव्हीएम आणि व्हर्ट-मॅनेजर काही महिने वापरल्यानंतर

आधी कामाचं सांगते. व्हीएम (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक) बूट होत नाही म्हणून "डिस्क गेली" असं कुणी सांगितलं, तर नव्या मशीनचे पैसे काढण्याआधी होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालते तिथे, जागा किती उरली आहे ते बघा. ही एक गोष्ट मला वेळेत कळली म्हणून आमचा दिवाळी अंक वेळेवर छपाईला गेला.

माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावण्याचं काम आहे. दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, वधू-वर सूची, लग्नपत्रिका. वीस-बावीस वर्षांच्या फाइली पेजमेकर या पानं लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, काही ६.५ च्या पी६५ आणि बाकी ७.० च्या पीएमडी. फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, त्यांना यूएसबी डोंगल (परवान्यासाठी जोडायची किल्ली) लागतं. या फाइली पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांमध्ये उघडत नाहीत, ती सोय सीएस६ नंतर काढून टाकली. मजकूर उचलून दुसरीकडे टाकला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं पुन्हा एकेक तपासावी लागतात. दरवर्षी बदलणारी चार पानं सोडून बाकी अहवाल तसाच राहतो, तिथे सगळं नव्याने लावणं परवडत नाही. म्हणून ३२ बिटचं विंडोज ७ मला आजही लागतं.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला थांबवला. जुना पीसी धापा टाकायला लागला तेव्हा त्याची डिस्क डिस्कटूव्हीएचडीने व्हीएचडी फाइलमध्ये उतरवली, क्यूएमू-आयएमजीने तिची क्यूकाऊ-२ (व्हीएमच्या डिस्कची फाइल) केली आणि डेबियन १२ या लिनक्सवर केव्हीएममध्ये चढवली. केव्हीएम ही लिनक्समधली व्हीएम चालवण्याची सोय, आणि क्यूएमू हा तिच्याबरोबर व्हीएमचं यंत्र उभं करणारा प्रोग्रॅम. खर्च शून्य. व्हर्ट-मॅनेजर हे या सगळ्याचं खिडकी-बटणांचं रूप. स्पेसिफिकेशनमध्ये शिरत नाही, ती सगळ्यांना माहीत आहेत.

सुरुवातीचा अनुभव चांगला होता. पहिल्यांदा चालू केल्यावर सेव्हन-बीची निळी स्क्रीन आली. डिस्कचा बस, म्हणजे ती जोडण्याची पद्धत, व्हर्टआयओ (खास व्हीएमसाठीची) ठेवला होता आणि विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हता. बस साटा केला आणि विंडोज उठलं, कारण जुना पीसीही एएचसीआयवरच (साटा डिस्कच्याच पद्धतीवर) चालत होता. ज्यांचं जुनं मशीन बायॉसमध्ये (मशीन उठवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) आयडीई मोडवर होतं त्यांनी आयडीई निवडावं. डोंगल यूएसबी होस्ट डिव्हाइस म्हणून जोडलं, लगेच ओळखलं गेलं. इंटरनेट मुद्दाम दिलं नाही. बाहेर न जाणारं आयसोलेटेड नेटवर्क आणि होस्टवर सांबाचं, म्हणजे विंडोजला दिसणारं, एक सामायिक फोल्डर, एवढंच. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट फाइल काढायची आणि होस्टवर घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ करायची. जुन्या पीसीपेक्षा हे काम वेगाने व्हायला लागलं, तेव्हा मी ओळखीच्या दोन प्रेसवाल्यांनाही हेच करायला सांगितलं.

मग ऐन सप्टेंबरअखेर, अंकाची शेवटची फॉर्म लावताना, पेजमेकर जागच्या जागी थिजलं. माउस हलेना, घड्याळ पुढे जाईना.

मी छपाईच्या दुरुस्त्यांमध्ये अडकले होते, म्हणून नेहमीच्या दुकानातून तंत्रज्ञ बोलावला. त्याने फोर्स ऑफ केलं, पुन्हा चालू केलं. 'स्टार्टिंग विंडोज'पाशी गाडी अडली. मग त्याने तीच क्यूकाऊ फाइल घेऊन नवीन व्हीएम तयार केली. तिथे काळ्या पडद्यावर 'शेल' आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. "ताई, हार्ड डिस्क गेली. बूट सेक्टरच राहिला नाही. डेटा रिकव्हरीला पाठवावं लागेल, आणि मशीन नवीनच घ्या," असं म्हणून त्याने कोटेशन लिहून दिलं. आकडा पाच अंकी होता. व्हिजिटचे पैसे मी दिले, कोटेशन बाजूला ठेवलं. मला राग त्याच्या न कळण्याचा आला नाही. होस्टची डिस्क एकदाही न तपासता त्याने वीस वर्षांच्या कामावर शिक्का मारला, त्याचा आला.

त्या दिवशी मी शांतपणे बसून जे पाहिलं ते सविस्तर लिहिते, कारण या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

जुनी व्हीएम चालू करायला गेले तर 'राइट लॉक मिळत नाही, दुसरी प्रोसेस ही इमेज वापरते आहे का' असा संदेश. म्हणजे तंत्रज्ञाची नवी व्हीएम त्या 'शेल'पाशी अजून चालूच होती. हे कुलूप क्यूएमूमध्ये २.१० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आहे. दोन व्हीएमनी एकाच वेळी एका डिस्कवर लिहिलं असतं तर डिस्क खरोखरच गेली असती. त्याची व्हीएम बंद केली. तिची सेटिंग पाहिली तर फर्मवेअरच्या खान्यात यूईएफआय, म्हणजे बायॉसच्या जागी आलेली नवी पद्धत. माझी डिस्क जुन्या पद्धतीची, एमबीआर आणि बायॉसवर उठणारी. यूईएफआयला त्यावर आपल्या उपयोगाचं काही सापडत नाही, म्हणून ते शेलमध्ये जाऊन थांबतं. बूट सेक्टर जागेवर होता, तो वाचायला येणारंच चुकीचं होतं.

आता मूळ व्हीएम. पुन्हा 'स्टार्टिंग विंडोज'. पण या वेळी मी खिडकीकडे न बघता व्हर्ट-मॅनेजरच्या यादीकडे बघितलं. नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : पॉझ्ड. मी तर पॉझ केलं नव्हतं. टर्मिनलवर व्हर्शला (व्हीएम सांभाळणारी आज्ञा) डॉमब्लॉकएरर, म्हणजे डिस्कची अडचण, विचारला, उत्तर आलं 'नो स्पेस'. होस्टवर डीएफ, म्हणजे डिस्कवरची जागा दाखवणारी आज्ञा, चालवली. रूट विभाजन (डिस्कचा सिस्टम असलेला भाग) शंभर टक्के भरलेलं, उपलब्ध शून्य.

कारण असं. डेबियन बसवताना होम (आपल्या फाइलींचा भाग) वेगळं ठेवलं की रूटला तुलनेने लहान विभाजन मिळतं. आणि लिबव्हर्ट (व्हर्ट-मॅनेजरच्या मागचं सॉफ्टवेअर) आपल्या इमेज, म्हणजे डिस्कच्या फाइली, मुकाट्याने व्हारखालच्या फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच लहान रूटवर ठेवतं. क्यूकाऊ-२ फाइल सुरुवातीला लहान असते आणि लागेल तशी फुगते. विंडोजच्या आत सी ड्राइव्ह साठ जीबीचा दिसतो, अर्धा मोकळा दिसतो. तो साठचा आकडा सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखा आहे, प्रत्यक्ष जमीन तेवढी ताब्यात आहे का हे होस्टवर जाऊनच बघावं लागतं. मी आत पोस्टस्क्रिप्ट फाइली काढत होते, काम झालं की पुसत होते. पण पुसलेली जागा फक्त विंडोजच्या हिशोबात मोकळी होते. होस्टवरची फाइल फुगलेलीच राहते, आणि विंडोज पुढचं लिखाण पुष्कळदा नव्या जागी करतं, म्हणून ती आणखी फुगते.

मग होस्ट कसा चालू राहिला? ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेत पाच टक्के जागा रूट नावाच्या मुख्य वापरकर्त्यासाठी (हा रूट म्हणजे विभाजन नव्हे) राखीव असते. सिस्टमची कामं त्यावर निभतात. क्यूएमू मात्र डेबियनवर वेगळ्या साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं, त्याला ती जागा मिळत नाही. म्हणून बाहेर सगळं आलबेल दिसतं आणि आतली व्हीएम तेवढी थिजते. तंत्रज्ञाला फसवणारी गोष्ट हीच.

इथपर्यंत मी या सॉफ्टवेअरला दोन तारे द्यायच्या विचारात होते. पुढे जे झालं त्यामुळे मत बदललं.

एपीटीचा (डेबियनवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाचा) साठलेला कॅशे साफ केला, जर्नलचे जुने लॉग कमी केले, इमेजच्या फोल्डरमध्ये पडून असलेली व्हर्टआयओची आयएसओ उडवली. काही जीबी मोकळे झाले. मग नुसतं पॉझचं बटण पुन्हा दाबून व्हीएम पुढे सोडली. 'स्टार्टिंग विंडोज'चे रंगीत ठिपके जिथे थांबले होते तिथूनच हलायला लागले! चेकडिस्क चाललं, ते आधीच्या फोर्स ऑफमुळे. आणि डेस्कटॉप समोर आला. अंकाची फाइल शेवटच्या सेव्हपर्यंत जशीच्या तशी.

म्हणजे जे मला बिघाड वाटत होतं ते संरक्षण होतं. होस्टवर जागा संपली की क्यूएमू विंडोजला 'लिहिता येत नाही' असं सांगतच नाही. ते अख्खं यंत्र त्या क्षणाला गोठवून ठेवतं आणि जागा झाली की तेच लिखाण पुन्हा करतं. पहिल्यांदा थिजलं तेव्हाच फोर्स ऑफ न करता जागा केली असती, तर पेजमेकरमधला सेव्ह न केलेला मजकूरही वाचला असता. ज्यांनी हे असं रचलं त्यांचे मी मनापासून आभार मानते.

तरीही माझी एक तक्रार कायम आहे आणि ती मी मोठ्याने करणार. एवढी महत्त्वाची गोष्ट व्हर्ट-मॅनेजर एका बारीक शब्दात सांगतं. 'होस्टवर जागा संपली म्हणून थांबवलं' एवढं एक वाक्य व्हीएमच्या खिडकीत यायला हवं. पॉझ्ड या शब्दात वापरणाऱ्याने थांबवलं की यंत्राने, हेच कळत नाही. व्हर्शला डॉमस्टेट विचारताना कारणही मागितलं तर ते 'आय-ओ एरर' असं सांगतं, म्हणजे माहिती आहे, फक्त दाखवायची नाही. छोट्या प्रेसवाल्याने, शाळेच्या कारकुनाने टर्मिनल उघडून हे शोधायचं का? त्यांच्यावर कुणीही पाच अंकी कोटेशन लादू शकतं.

नंतर मी एक ५०० जीबीची एसएसडी घेतली. सगळ्या प्रकरणातला हाच खरा खर्च. इमेज तिच्यावर हलवली. ज्यांना हलवायची आहे त्यांनी होममध्ये ठेवू नये, 'परमिशन डिनाइड' येतं, कारण क्यूएमूच्या वापरकर्त्याला तुमच्या होममधून आत जाता येत नाही. होस्टवरच्या एसआरव्ही या फोल्डरखाली नवं फोल्डर करून स्टोरेज पूल म्हणून जोडावं. फुगलेली फाइल आवळायला विंडोजच्या आत एसडिलीट हे साधन झेडच्या पर्यायासह चालवलं, मग व्हीएम बंद करून क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्टने नवीन फाइल केली. फाइल निम्म्याहून लहान झाली. पण सावध राहा : एसडिलीट मोकळ्या जागेत शून्यं लिहितं, त्यामुळे फाइल आधी जवळपास पूर्ण आकारापर्यंत फुगते. भरलेल्या डिस्कवर हे केलं तर पुन्हा तिथेच याल. नवी फाइल बूट झाल्याशिवाय जुनी पुसू नका. गेस्ट (व्हीएमच्या आतली सिस्टम) नव्या विंडोजचं किंवा लिनक्सचं असेल तर डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड मोड अनमॅप ठेवा, हा त्रास बराच कमी होतो.

नवीन व्हीएम तयार करून जुनी डिस्क जोडण्याचा उपाय टाळाच. यूयूआयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) बदलतो, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) बदलतो, विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं. त्यापेक्षा व्हर्शच्या डम्पएक्सएमएलने जुन्या व्हीएमची वर्णनफाइल आत्ताच काढून ठेवा. माझ्याकडे आता दर शनिवारी व्हीएम बंद करून इमेज आणि ती फाइल दोन्ही बाहेरच्या डिस्कवर जातात.

डिसेंबरात पुन्हा एकदा व्हीएम सुरू झाली नाही, पण या वेळी घाबरायला झालं नाही. रात्रभर वीज नव्हती, आणि सकाळी होस्टचं घड्याळ कित्येक वर्षं मागे. डीमेसेजमध्ये, म्हणजे होस्टच्या संदेशांच्या नोंदीत, 'केव्हीएम डिसेबल्ड बाय बायॉस' अशी ओळ. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली होती, त्यामुळे बायॉस मूळ सेटिंगवर गेला आणि व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हीएम चालवण्याची सोय) बंद झालं. घड्याळाच्या दुकानातून बॅटरी आणली, व्हीटी-एक्स चालू केलं, दहाच्या आत काम सुरू.

तारे चार. पाचवा त्या बारीक शब्दासाठी कापला आहे.

आता काळजी फक्त डोंगलची. व्हीएमच्या कितीही प्रती काढता येतात, डोंगलची निघत नाही. होस्ट झोपेतून उठला की ते कधीकधी सुटतं, काढून पुन्हा जोडावं लागतं, आणि त्याची पिनही आता सैल व्हायला लागली आहे. म्हणून दरवर्षी परत येणारे अहवाल आधी, मग वधू-वर सूची, या क्रमाने फाइली युनिकोडमध्ये नेणं सुरू केलं आहे. लग्नपत्रिका सर्वांत शेवटी.