प्रकाशाचा डबा: घ्या, पण कडा आधी बुजवा

दादरला शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळणारा हा पुठ्ठ्याचा डबा पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी जरूर घ्यावा. आत चेंडू ठेवून झाकण लावा, भोकातून बघा: काही दिसत नाही. बाजूची खिडकी उघडून टॉर्च मारला की चेंडू लख्ख! उजेड चेंडूवर आपटून डोळ्यांत येतो, हे मुलांना इथेच उमगतं.

पण झाकणाच्या फटीतून उजेड शिरतो, चेंडू आधीच पुसट दिसतो आणि प्रयोग फसतो. कडांना काळी चिकटपट्टी लावाच. आतला चकचकीत काळा कागदही बदला, खरखरीत हवा. डब्यासोबतचा प्लास्टिकचा आरसा वाकतो, चेहरा लांबट दिसतो. सोबतचं लाल कार्ड मात्र झकास: ते पांढऱ्या कागदाला काटकोनात धरून कार्डावर टॉर्च मारा, कागदावर लालसर झाक उतरते.