सांगलीकरांच्या पानात टोकियोचा मासा

आमच्या सांगलीत मासा येतो तो कोकणातून, बर्फात घाट चढून. मग हळद-तिखट, वरून रवा. म्हणून टोकियोत मुलानं तोयोसुच्या मासळीबाजाराजवळच्या सुशीच्या, म्हणजे आंबटसर भातावर कच्च्या माशाचा तुकडा ठेवून देतात त्या, दुकानात नेलं, तेव्हा ही आधीच म्हणाली, "मी नुसता भात खाणार."

जेमतेम दहा खुर्च्या. 2018 साली टोकियोतल्याच त्सुकिजी भागातला घाऊक बाजार इथं हलला, त्यामुळे मासा अगदी दारातला. मी आधी वास घेतला. वासच नाही! काउंटरपलीकडच्या कारागिरानं समोर शिंपला उघडला, आतल्या पांढऱ्या गराला बोट लावलं, तर तो आकसला. वर मिठाची चिमूट. शहाळ्याच्या मलईसारखा गोड लागला, खरंच.

मग 'आजी' नावाचा मासा; नाव ऐकून ही हसली आणि तिनं खाल्लाही. मुलानं सांगितलं, पकडल्यावर मेंदूत सुई घालून मासा एका झटक्यात मारतात, रक्त काढतात, म्हणून मांस घट्ट राहतं. बांगड्याचा भाऊबंद 'साबा' मात्र लवकर खराब होतो, म्हणून मीठ-व्हिनेगरात मुरवलेला. ताज्या किसलेल्या वासाबीचा, म्हणजे तिथल्या एका तिखट हिरव्या कंदाचा, झणका नाकात चढतो आणि लगेच उतरतो, आपल्या मिरचीसारखा रेंगाळत नाही.

मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, खारट वाटलं. मेनू फक्त जपानीत, सोबत जाणकार हवाच. पैसे भरपूर गेले, पण पुन्हा जाईन.

हिनं नऊ तुकडे खाल्ले. आता इथल्या बाजारात तीच कल्ले उघडून बघते, लालभडक नसले तर सुरमई परत ठेवते.