'टेनेट': शब्दच पोचत नाहीत

दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनला डोक्यावर घेणारे लातूर-नांदेडात गल्लोगल्ली सापडतील. तरी स्पष्ट सांगतो, २०२०चा 'टेनेट' फसलेला सिनेमा आहे.

खरंखुरं बोइंग ७४७ इमारतीवर आदळवलं, ती मेहनत मान्य. पण १५० मिनिटांत संवाद सतत दबतात. शिडाच्या बोटीवरचा प्रसंग घ्या: बोलणं हेल्मेटच्या माइकमधून, भोवती वारा आणि पाणी, वरून संगीत. गोष्टीचा धागा तिथंच हातातून सुटतो. नोलन शूटिंगच्या वेळचाच आवाज ठेवतो, नंतर स्टुडिओत डबिंग शक्यतो टाळतो. साध्या गोष्टीत ते खपून गेलं असतं. इथं काळच उलटा फिरतोय. माणसाला निदान शब्द तरी धड कळू द्या की!

थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर आवाजाचा ७ हा ठरलेला आकडा असतो, मिक्सिंग (संवाद, संगीत, इतर आवाज एकत्र जुळवणं) त्याच पातळीला धरून होतं. कानठळ्या बसतात म्हणून ऑपरेटरनं ५ वर आणलं, की स्फोट तरीही दणकतात आणि बोलणं पुटपुटल्यासारखं होतं.

घरी बघणार असाल तर सबटायटल लावूनच बघा. ५.१ सेट (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) असेल तर सेंटर, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर ३ डेसिबल वाढवा. दोनच स्पीकर असतील तर आउटपुट स्टिरिओवर ठेवा, नाहीतर सेंटरमधले संवाद बारीक येतात. रात्री नाइट मोड लावा, स्फोट आणि बोलण्यातलं अंतर कमी होतं.

एवढं करून शब्द कळतात. पण नायकाला ना नाव, ना घरदार. त्याच्यासाठी जीव तुटत नाही तो नाहीच.